उभं उडून उभं उतरणारं छोटं रॉकेट: कोकणातल्या नवख्यांसाठी पहिल्या चाचणीची वाट

उठलेलं रॉकेट पुन्हा त्याच जागी पाय टेकून उभं राहताना पाहिलं की माणूस थेट उतरवण्याच्या मागे लागतो. पाय कसे उघडतील, शेवटचा झटका कसा शोषला जाईल, यात महिने जातात. मग पहिल्याच उड्डाणात ते वीस फुटांवर आडवं होऊन शेजारच्या कलमांत घुसतं. या कामाचा क्रम उलटा आहे. बिघडलेलं रॉकेट कुठे पडेल, कोणत्या क्षणी बंद होईल आणि तेव्हा माणसं कुठे असतील, हे आधी ठरवायचं. उतरणं सगळ्यांत शेवटी येतं.

मोठ्यांची गतही वेगळी नव्हती. अमेरिकेचं डीसी-एक्स १८ ऑगस्ट १९९३ रोजी व्हाइट सँड्सच्या वाळवंटात पहिल्यांदा उडालं. त्याच्याच सुधारित रूपाचा जुलै १९९६ मध्ये एक पाय उघडला नाही, ते कलंडलं आणि जळालं. त्या पायाची एक नळी जोडायची राहिली होती. जपानमध्ये होंडाचं प्रायोगिक रॉकेट १७ जून २०२५ रोजी २७१.४ मीटर चढून ठरलेल्या बिंदूपासून ३७ सेंटिमीटरवर उतरलं, पण तेवढ्या उडीसाठी त्यांनी एक किलोमीटर त्रिज्येचा परिसर माणसांना बंद ठेवला होता. हे प्रमाण डोक्यात ठेवून पुढे वाचा.

## १. पंखा की मोटर, हे आधी ठरवा

सुरुवात बारुदाने करू नका. पहिली दहा-वीस उड्डाणं विजेच्या डक्टेड फॅनवर करा. नळीत बसवलेला पंखा खाली हवा फेकतो, त्याच्या तोंडाशी चार पाती असतात आणि ती सर्व्होने, म्हणजे कोडच्या हुकमाप्रमाणे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या यंत्राने, वळतात. तोल सांभाळण्याचा कोड, सेन्सर, पाय, बंद करण्याची यंत्रणा हे सगळं इथे तपासून होतं. चूक झाली तर बटण दाबून रेटा थांबवता येतो, आणि फरक इथेच आहे: घन इंधनाची मोटर एकदा पेटली की जळून संपेपर्यंत कुणाचं ऐकत नाही.

७० मिलिमीटरचा पंखा चार सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर साधारण दीड ते दोन किलो वजन उचलण्याइतका रेटा देतो. यानाचं एकूण वजन १.२ किलोच्या आत ठेवा. रेटा वजनाच्या किमान १.४ पट हवा, नाहीतर खाली येताना वेग आवरत नाही. पंख्याला वेग पकडायला वेळ लागतो, अर्ध्या सेकंदापर्यंतसुद्धा. उंचीचा कोड लिहिताना हा उशीर धरला नाही तर यान उड्या मारत राहतं आणि लोक उगाच सेन्सर बदलत बसतात.

## २. कागद

पंख्याचं यान कायद्याच्या नजरेत ड्रोनच. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलोपर्यंतचं यान ‘मायक्रो’ वर्गात येतं आणि व्यवसायासाठी नसेल तर चालकाचा परवाना लागत नाही. शैक्षणिक आणि संशोधन संस्थांना हरित क्षेत्रात (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही), आपल्या ताब्यातल्या जागेवर चाचणी घेताना आणखी सवलती आहेत. म्हणून कॉलेजच्या नावाने काम करणं सोयीचं. ड्रोनसाठीचा सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशा आधी पाहा. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे परवानगी लागणारा असतो, ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटरपर्यंतच मोकळीक आहे आणि त्यापलीकडच्या हरित क्षेत्रात १२० मीटरपर्यंत. कोकणात चिपी आणि रत्नागिरी लोकांच्या लक्षात असतात, पण बांदा-सावंतवाडीकडचे लोक मोपा विसरतात. तो गोव्यात असला तरी त्याचं वर्तुळ राज्याची सीमा मानत नाही. उरण-पनवेलकडे आता नवी मुंबई विमानतळही धरायचा.

मोटरचं रॉकेट म्हणजे ड्रोन नव्हे. हरित क्षेत्र दिसलं म्हणून ते उडवायची मुभा मिळत नाही. मोटरमधला मसाला स्फोटकं नियम, २००८ खाली येतो आणि त्याचा कारभार नागपूरच्या पेसो या कार्यालयाकडे आहे. मोटर परदेशातून मागवणं, सामानातून आणणं, ओळखीच्या फटाकेवाल्याकडून भरून घेणं, हे तिन्ही मार्ग सोडा. घरी मसाला कुटून मोटर भरण्याचा तर विचारही नको. मसाल्यात राहिलेली एक भेग पुरते. जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि नळी फुटते. मोटर फक्त परवानाधारक पुरवठादाराकडून, संस्थेच्या नावाने आणि पावतीसह घ्या. ते जमत नसेल तर पंख्यावरच थांबा, शिकण्यासारखं तिथेच भरपूर आहे. मोठं काही मनात असेल तर अहमदाबादच्या इन-स्पेस या खासगी अंतराळ कामांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे विचारणा करावी लागते.

फाइलमध्ये हे कागद असू द्या:

- जागामालकाचं लेखी संमतीपत्र आणि सातबाऱ्याची प्रत. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सामायिक मालकी फार असते. एकाची सही पुरत नाही.
- ग्रामपंचायतीचं पत्र
- पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जाची पोच. किनाऱ्यालगत असाल तर सागरी पोलीस ठाण्याचीही
- मोटरच्या रॉकेटसाठी तहसीलदार कार्यालयाला अर्ज आणि जवळच्या विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाकडून लेखी उत्तर
- मोटरची पावती, बॅच क्रमांक, साठवणुकीची जागा
- सुरक्षित अंतराची वर्तुळं आखलेला जागेचा नकाशा
- संस्थेचं पत्र आणि हजर राहणाऱ्यांची यादी

लेखी उत्तर येईपर्यंत ‘तोंडी हो म्हणाले’ याला किंमत शून्य. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी माणसं, पेट्या आणि धूर दिसला की गावकरी आणि मच्छीमार पोलिसांना कळवतात, आणि ते बरोबरच आहे. नारिंगी धूर किंवा लाल ज्योत कधीच वापरू नका. समुद्रात तो संकटाचा इशारा असतो, एखादी होडी मदतीला निघेल.

## ३. जागा: पुळण, सडा की चिरेखाण

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आगीची भीती नाही, एवढाच तिचा गुण. बाकी वाळू पंख्यात शिरते, पाय रुततात, पर्यटक कुठूनही येतात आणि भरती सामान घेऊन जाते. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर अंडी घालतात आणि पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत राहतात. तो प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरटी असलेला किनारा त्या काळात आपल्यासाठी बंद समजा.

तरी पुळणच वापरायची असेल तर भरती-ओहोटीचं जुनं गणित कामाला येतं: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. द्वितीया-तृतीयेला सकाळी कडक ओल्या वाळूचा रुंद पट्टा मिळतो. पण हे दिवस उधाणाच्या जवळचे असतात. पाणी जितकं लांब जातं तितक्याच जोराने परत येतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा, पट्टा अरुंद आणि वेळही उलटी, सकाळी सहालाच भरती. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात बंदराचं छापील वेळापत्रक पाहा.

सडा सगळ्यांत चांगला, पण गवत कापून नेल्यावरच. दिवाळीनंतर तिथलं गवत वाळतं आणि एका ठिणगीने वणवा होतो. खाली हापूसची कलमं, काजू, त्यात मोहोराचे दिवस. एका बागेचं नुकसान झालं तर त्या गावातच काय, पंचक्रोशीत पुन्हा कुणी जागा देणार नाही. मोटरसाठी पॅडभोवती किमान १० मीटर कातळ उघडा हवा. कातळावर उभं राहण्याआधी खाली नीट बघा. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उन्हं कलती असताना ती दिसतात, भर दुपारी नाहीत. बारसू, कशेळी, देवीहसोळ ही नावं ठाऊक असतात, पण नाव नसलेलीही पुष्कळ आहेत. खुंट्या ठोकायच्या नाहीत, वाळूच्या पिशव्या ठेवायच्या.

बंद पडलेली चिरेखाण मोटर जागेवर बांधून पेटवून पाहण्यासाठी उत्तम: तिन्ही बाजूंना जांभ्याची भिंत, गवत नाही, आवाजही आत राहतो. उडवायला मात्र नको, आत वारा भोवऱ्यासारखा फिरतो.

## ४. सामान

नियंत्रणासाठी टीन्सी ४.१ किंवा ईएसपी३२ पुरतो. कोनीय वेग आणि त्वरणासाठी बीएमआय०८८, उंचीसाठी बीएमपी३८८ आणि शेवटच्या काही मीटरसाठी टीएफ-लूनासारखा लेझर अंतरमापक घ्या. धातूच्या गिअरचे सर्व्हो. माहिती पाठवायला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) मॉड्यूल. ९१५ चा स्वस्त मिळतो तो अमेरिकेसाठी असतो, इथे चालत नाही.

बॅरोमीटरवर काळा स्पंज लावा. त्याला वारा चालत नाही आणि थेट ऊनही चालत नाही, प्रकाशाने आकडा सरकतो. एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साडेआठ मीटरची चूक. मॅग्नेटोमीटर बसवलात तरी त्यावर भिस्त ठेवू नका; शेजारून साठ अँपिअर जात असताना तो उत्तर दिशा कुठेही दाखवतो.

खारी हवा इथली खरी वैरीण. सर्किटवर संरक्षक लेप मारा, पण बॅरोमीटरचं छिद्र आधी चिकटपट्टीने झाका. स्क्रू स्टेनलेसचे. छपाईचे भाग पीएलएचे नकोत. बंद गाडीत उन्हात ठेवले तर ते वाकतात आणि गिंबल (मोटरची नळी वळवणारी चौकट) अडकतो. पीईटीजी किंवा एएसए वापरा.

जागेवर लागणाऱ्या वस्तू: हातातला वारामापक, ६ मीटर बांबूवर पतंगाच्या कागदाची पट्टी, ३ बाय ३ मीटरचा १२ मिलिमीटर मरीन प्लायचा तळ (मोटर असेल तर वर पत्रा आणि बाजूने ओलं गोणपाट), २०० लिटर पाण्याचं पिंप, आंब्यावर फवारणीचे पाठीवरचे दोन पंप नीट धुऊन आणि भरून, ओले टहाळे, कोरड्या वाळूची बादली, प्रथमोपचार पेटी, शिट्ट्या, सुरक्षा चष्मे.

## ५. पायांची भूमिती

चार पाय घ्या. तीन हलके पडतात म्हणून मोह होतो, पण हिशेब पाहा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि पाय मध्यापासून ३० सेंटिमीटर पसरलेले असतील, तर कलंडण्याची कडा चार पायांत २१ सेंटिमीटरवर येते, तीन पायांत १५ वर. म्हणजे चार पायांचं यान ३५ अंशांपर्यंत झुकूनही परत उभं राहतं, तीन पायांचं २६ वरच जातं. आडव्या वेगाचं बघायचं तर टेकताना पाय अडकला की पहिलं ढोबळमानाने १.४ मीटर प्रतिसेकंद सोसतं, दुसरं ०.९. उघडणारे पाय पहिल्या वर्षी नकोतच, कायमचे पसरलेले ठेवा. डीसी-एक्सची आठवण पुरे आहे.

## ६. टेबलावरच्या चाचण्या

सगळ्यांत जास्त यानं एका उणे चिन्हामुळे पडतात. यानावर मार्करने पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण लिहा. पंखा बंद, सर्व्हो चालू. नाक पूर्वेकडे झुकवा. खालच्या नळीचं किंवा पात्याचं तोंड पश्चिमेकडे वळलं पाहिजे, म्हणजे झोत पश्चिमेला जातो आणि बूड पूर्वेला ढकललं जातं. चारही दिशांना हे करून पाहा आणि आडवं पीळ देऊनही पाहा. कोड बदलला, सर्व्हो बदलला, सेन्सरची पाटी उलटी बसवली, की पुन्हा पहिल्यापासून. एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा बघून हो म्हणतो. एकट्याने केलेली तपासणी धरायची नाही.

मग ढिलेपणा मोजा. मोटरच्या नळीला लेझर पॉइंटर चिकटवा आणि ५ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाहा. नळी बोटाने हलवून ठिपका ८.७ सेंटिमीटर सरकला तर एक अंश ढिलाई आहे. एवढी असेल तर यान हवेत सतत डुलत राहील आणि ते गेन (कोड चुकीला किती जोराने उत्तर देतो तो आकडा) कमी करूनही थांबणार नाही. अर्ध्या अंशाच्या आत आणा.

चालू केल्यावर जायरोला (कोनीय वेगाच्या सेन्सरला) १० सेकंद स्थिर ठेवायचं असतं. वाऱ्याने यान हलत असेल तर ती चूक उड्डाणभर सोबत येते. कोडने हालचाल ओळखून स्वतःच नकार दिला पाहिजे. नोंदी थेट एसडी कार्डावर लिहू नका. आपटल्यावर वीज जाते, फाइल बंद होत नाही आणि नेमकं शेवटचं सेकंद हरवतं. बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये लिहा, खाली आल्यावर कार्डावर उतरवा.

## ७. दोराला बांधून

आंबा भरायची रिकामी शेड किंवा शाळेचं सभागृह यासाठी छान. वर भक्कम तुळई, ६ मिलिमीटरचा नायलॉन दोर, मध्ये फिरकी. भोवती मच्छीमारांकडून घेतलेलं जुनं जाळं दोन पदरी सोडा. पाती तुटून उडाली तर ते अडवतं. फक्त पंख्यासाठी हं, मोटरच्या झोताने नायलॉन वितळतो.

इथला सापळा असा की दोर यानाच्या नाकाला बांधला तर ते घंटेसारखं लटकतं आणि कोड कितीही चुकीचा असला तरी स्थिर दिसतं. मग दोर सोडल्याबरोबर उलटतं. त्यासाठी गुरुत्वमध्याशी कडं बसवून दोर तिथे बांधा आणि उडताना तो सैल असू द्या. लांबी अशी की यान पडलं तर पाय जमिनीला लागायच्या ५ सेंटिमीटर आधी दोर ताणला जाईल. आधी कोनीय वेगाचं नियंत्रण लावा, मग कोनाचं, उंचीचं शेवटी.

बंद करण्याची यंत्रणा याच टप्प्यावर मुद्दाम वापरून बघायची. झुकाव ३० अंशांपलीकडे गेला, रेडिओ अर्धं सेकंद तुटला, सेलचा व्होल्टेज ३.५ खाली गेला किंवा माणसाने बटण सोडलं, या चारांतलं काहीही झालं की पंखा बंद. बटण दाबून ठेवायचं असावं. हात सुटला की यान थांबतं. प्रत्येक अट किमान तीनदा घडवून आणा. रिमोटची बॅटरी उडतानाच काढून बघा. बहुतेक जण हे टाळतात.

## ८. मोकळी उडी

अर्धा मीटर उंच, पाच सेकंद. सलग दहा वेळा नीट झालं की २ मीटर, मग ५. एकदा जरी चुकलं तर मोजणी शून्यापासून. खाली येण्याचा वेग शेवटी ०.५ मीटर प्रतिसेकंद ठेवा. माणसं १५ मीटर दूर आणि जाळ्यामागे.

जमिनीजवळ झोताने बॅरोमीटर गोंधळतो, म्हणून शेवटच्या तीन मीटरांत लेझरवर जा. लेझर झुकलेल्या यानातून तिरकं अंतर मोजतो, त्याला कोनाच्या कोसाइनने गुणायला हवं. भर उन्हात आणि ओल्या, चकाकत्या वाळूवर तो कमी अंतरावरच आंधळा होतो.

टेकल्याचं ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. एकाच सेन्सरवर ठरवलं तर पहिल्या उसळीला कोड फसतो. रेटा कमी, उभा वेग जवळपास शून्य आणि अंतर पायांच्या उंचीइतकं, या तिन्ही गोष्टी सलग ०.३ सेकंद टिकल्या की पंखा बंद. त्या क्षणाआधी कोन सुधारण्यासाठी कोड चुकांची जी बेरीज साठवत असतो ती गोठवा. नाहीतर जमिनीवर उभं राहिलेलं यान तिरक्या तळाशी भांडायला लागतं आणि स्वतःलाच पाडतं.

## ९. घन इंधनाची मोटर

इथे खेळ बदलतो, कारण रेटा कमी-जास्त करता येत नाही. वरून पडणाऱ्या रॉकेटची उतरण्याची मोटर नेमक्या क्षणी पेटली पाहिजे, बस. आकडे घेऊन पाहू. रॉकेट ०.८ किलो, मोटर सरासरी १४ न्यूटन, ३ सेकंद जळणारी. वजन वजा करून वरच्या दिशेने ७.७ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढं त्वरण उरतं. तीन सेकंदांत ते २३ मीटर प्रतिसेकंदाचा वेग खाऊ शकतं. तो वेग यायला रॉकेट २७ मीटर पडावं लागतं आणि थांबायला पुढे ३५ मीटर लागतात. म्हणजे शिखर सुमारे ६२ मीटरवर हवं आणि मोटर ३५ मीटरवर पेटायला हवी. हवेचा विरोध आणि घटतं वजन यात धरलेलं नाही, पण चुकीचं मोल कळायला एवढं पुरे.

आता मोटर ०.१ सेकंद उशिरा पेटली असं धरा. रॉकेट ९ मीटर प्रतिसेकंदाने आदळेल, घराच्या पत्र्यावरून खाली टाकल्यासारखं. ०.१ सेकंद लवकर पेटली तर ते जमिनीपासून ५ मीटरवर थांबेल, मोटर संपेल आणि तिथून दगडासारखं खाली येईल. दोन्हीकडे नुकसान जवळजवळ सारखंच. गिंबल डोलावून जास्तीचा रेटा वाया घालवता येईल असं सुचतं, पण ५ अंश वळवल्याने उभा रेटा ०.४ टक्केच घटतो आणि १० अंशांनी दीड टक्का. त्याने चिमूटभर सुधारणा होते, इतकंच.

म्हणून आधी मोजमाप. एकाच बॅचच्या किमान तीन मोटरी चिरेखाणीत वजनकाट्यावर पेटवा. वजन वाचणारी एचएक्स७११ पाटी मुळात सेकंदाला १० वाचनं घेते. तिची पिन बदलून ८० करा, नाहीतर ०.१ सेकंदाचा प्रश्न तुम्ही ०.१ सेकंदाच्या पट्टीने मोजाल. हुकूम दिल्यापासून रेटा अर्ध्यावर येईपर्यंतचा वेळ प्रत्येक वेळी लिहा. तिन्ही मोटरींत तो ०.०५ सेकंदाहून जास्त इकडेतिकडे असेल तर उतरवायचा बेत तिथेच थांबवा आणि इग्नायटर (मोटर पेटवणारी विजेची वात) बसवण्याची पद्धत सुधारा. बहुधा तो मसाल्याला टेकलेला नसतो.

नंतर फक्त चढण्याचं उड्डाण. उतरण्याच्या मोटरच्या जागी तेवढ्याच वजनाचा ठोकळा, खाली पॅराशूटने यायचं. कोड मात्र ‘आता पेटवलं असतं’ ही वेळ नोंदवतो. पाच उड्डाणांत ही वेळ हिशेबाशी जुळली तरच जिवंत मोटर बसवा. ड्रोनला टांगून वरून सोडण्याची युक्ती मोटर आत असताना वापरू नका, ड्रोनने स्फोटकं नेण्याला नियमांत मनाई आहे.

पेटवण्यावर कुलपं लावा: चढतानाचं त्वरण दिसलेलं असावं, बॅरोमीटरने शिखर ओळखलेलं असावं, वेळ ठरलेल्या खिडकीत असावी आणि झुकाव १५ अंशांच्या आत असावा. चारांतलं एक जरी नसेल तर मोटर पेटत नाही, पॅराशूट उघडतं. झुकावाचं कुलूप सर्वांत महत्त्वाचं आहे. आडव्या रॉकेटमध्ये पेटलेली मोटर म्हणजे माणसांकडे सोडलेला बाण. १५ मीटरखाली पॅराशूट भरायला वेळच मिळत नाही. त्या पट्ट्यात बिघाड झाला तर ते पडणारच आणि वर्तुळ त्यासाठीच रिकामं ठेवायचं.

इग्नायटर जोडला की नाही हे टेस्ट लॅम्पने बघू नका, त्या प्रवाहाने तो पेटतो. रॉकेटवर बाहेरून फिरवायची किल्ली हवी आणि ती फिरवेपर्यंत इग्नायटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असावीत.

## १०. उडवण्याचा दिवस

जून ते सप्टेंबर विसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत. रात्रीचे मतलई वारे तेव्हा पडलेले असतात आणि समुद्रावरून येणारे खारे वारे सुरू व्हायचे असतात. दहा-अकराला वारा वळतो आणि अर्ध्या तासात पट्टी आडवी होते. साडेनऊनंतर नवी उलटमोजणी सुरू करायची नाही, कितीही तयारी झालेली असो.

अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची संहिता १.५ किलोपर्यंतच्या रॉकेटसाठी ताशी ३२ किलोमीटर वाऱ्याची आणि मोठ्या मोटरींना ९ मीटर अंतराची मर्यादा घालते. ती पंखांनी स्वतः स्थिर राहणाऱ्या, पॅराशूटने उतरणाऱ्या रॉकेटसाठी आहे. आपलं तसं नाही. वारा ताशी १० किलोमीटरच्या आत, चालवणारे ६० मीटरवर आडोशामागे, बाकीचे १०० मीटरवर वाऱ्याच्या वरच्या बाजूला. ६० मीटरवरून पॅराशूटने येणारं रॉकेट खालचा वारा मंद असला तरी वरच्या वाऱ्याने पन्नास-साठ मीटर सरकू शकतं.

माणसं पाच हवीत: उड्डाण चालवणारा, सुरक्षा पाहणारा, आगीवर दोघे, वाट राखणारा एक. सुरक्षेवाल्याने ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, वाद खाली बसून. वाट राखणाऱ्याचं काम माणसांपेक्षा गुरांचं जास्त. सकाळी सड्यावर गुरं सोडतात आणि ती शिट्टीला भीक घालत नाहीत. गुराख्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

पेटवण्याच्या डब्याची किल्ली रॉकेटजवळ जाणाऱ्याच्या खिशात असते, डब्यात नसते. तो परत आला की किल्ली लागते, मोठ्याने पाचपासून मोजणी. पेटलं नाही तर किल्ली काढा. संहिता ६० सेकंद म्हणते, पण आत दोन मोटरी असताना पाच मिनिटं थांबा. सड्यावर मोबाइलला रेंज कुठे येते ते आधीच हेरून ठेवा आणि १०१, १०८, ११२ हे आकडे पाटीवर लिहा. समुद्राकडे काही गेलं आणि होडीला धोका वाटला तर तटरक्षक दलाचा १५५४.

## ११. पडल्यावर

धावू नका, आधी आगवाले जातात. उतरण्याची मोटर पेटली नसेल तर ती जिवंत आहे असंच धरायचं: पेटवण्याची यंत्रणा बंद करण्याचा दुरून हुकूम, पाच मिनिटं थांबणं, मग एकाच माणसाने बाजूने जाणं, नाकाकडून नाही आणि नळीकडूनही नाही. आधी बाहेरची किल्ली फिरवायची, मग बॅटरी काढायची.

चेपलेली लायपो गार दिसते म्हणून गाडीत ठेवू नका. कोरड्या वाळूच्या बादलीत, उघड्यावर, गवतापासून दूर ठेवा आणि निदान एक तास लक्ष असू द्या. समुद्रात पडलेली बॅटरी आणखी फसवी असते. खारं पाणी आत राहतं आणि ती घरी आल्यावर, रात्रीसुद्धा पेटू शकते. ती पुन्हा चार्ज करायची नाही. सर्किट मात्र वाचू शकतं: वीज तोडून लगेच गोड्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि दोन दिवस सावलीत सुकवा. सर्व्होंचं काही खरं नसतं, ते टाकून द्या.

उडालं असो वा पडलं असो, निघण्याआधी नोंद तिथेच बसून लिहा: वारा, वेळ, वजन, मोटरचा बॅच, कोडची आवृत्ती, काय बदललं होतं. एका उड्डाणात एकच गोष्ट बदला. प्लायचा प्रत्येक तुकडा आणि तारेचं प्रत्येक टोक उचला, गुरं ते गवतासोबत खातात. आगवाले सगळ्यांत शेवटी निघतात, अर्ध्या तासाने सगळीकडे हात फिरवून, कारण शेणाची सुकी गोवरी धूर न दाखवता तासभर धुमसते.